खडूची फुली

तपासलेल्या जागेवर खडूने फुली मारली की ती जागा पुन्हा बघायची नाही, हा एडगर ओटवेचा चाळीस वर्षांचा नेम. कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात मोटारींचं वायरिंग करताना लागलेली सवय. निवृत्तीनंतर नऊ वर्षं खपून त्याने छप्पन सालची एक मोटार नुसत्या सांगाड्यापासून उभी केली, तीही अशाच फुल्या मारत.

नॉर्मन प्लिमरला हे पक्कं ठाऊक होतं, कारण दोघं एकाच बाकावर राबलेले. मागच्या वसंतात जुन्या मोटारींच्या क्लबच्या तपासणीत एडगरने नॉर्मनच्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "नॉर्मन, हे वायरिंग आहे की कोंबड्यांनी उकरलेला उकिरडा?" लोक पोट धरून हसले. नॉर्मनही हसला, पण ते वाक्य त्याला वर्षभर डाचत राहिलं.

क्लबच्या यंदाच्या मेळाव्याला आठवडा उरला होता. एडगर शेडमधून चहा करायला घरात गेला, तशी सोबतीला आलेल्या नॉर्मनने त्याच्या मोटारीच्या मागच्या उजव्या दिव्याच्या अर्थिंगचा, म्हणजे वायर पत्र्याला जोडणारा, स्क्रू काढला. वीज नीट जाऊ नये म्हणून बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश त्याने स्क्रूला, वायरीच्या कड्याला आणि पत्र्याला फासलं, फुंकर मारून वाळवलं आणि स्क्रू होता तसा आवळला. शेजारची फुली जागच्या जागी होती. चहा आला तेव्हा त्याने वर साखरही मागून घेतली.

संध्याकाळी ब्रेक दाबला तर उजवा इंडिकेटर मिणमिणायला लागला. नॉर्मनला एवढंच हवं होतं. गाडी तपासणीत नापास व्हावी, चारचौघांत एडगरची जिरावी.

पण एडगरला धास्ती पडली ती वेगळीच. त्याचा बाप याच वयात विसरायला लागला होता, शेवटी बायकोलाही ओळखेना. मुलगी ग्लेनिसने नाताळातच बजावलं होतं, "बाबा, डोकं दगा देतंय असं वाटलं की शेड विकायची आणि माझ्याकडे डेव्हनला यायचं. कबूल?" त्याने कबूल केलं होतं.

तीन दिवस त्याने वायरी उकलल्या, बल्ब बदलले, स्विच खोलले. चौथ्या दिवशी ओलं फडकं घेऊन सगळ्या फुल्या पुसून टाकल्या.

"पहिल्यापासून बघतो. अर्थिंगपासून."

आता चोरी पकडली जाणार. नॉर्मन पटकन म्हणाला, "अरे, हे तू कालच केलंस ना?"

"काल?"

"फुल्या पुसल्यास, सगळं अर्थिंग बघितलंस, परत फुल्या मारल्यास. मी इथे स्टुलावरच बसलो होतो की."

एडगर भिंतीला टेकला. "मला काहीच आठवत नाही रे."

"दमलायस गड्या. होतं असं."

अजूनही 'गंमत केली' म्हणता आलं असतं. नॉर्मनने बिस्किट उचललं आणि चहात बुडवलं.

त्याच दुपारी एडगरने ग्लेनिसला फोन केला. महिनाभरात शेड गेली. गाडी मात्र त्याला विकवेना. "तू घे," तो नॉर्मनला म्हणाला. नॉर्मनने एकदाच 'नको नको' केलं.

एडगर निघाला त्या सकाळी नॉर्मन तीच गाडी घेऊन निरोप द्यायला आला. ब्रेकचा दिवा लख्ख लागला, इंडिकेटर गप्प. एडगर लेकीच्या गाडीत बसला होता. त्याने घाईघाईने काच खाली केली.

"सापडलं? कुठे होतं?"

"मागच्या उजव्या अर्थिंगला. कड्याखाली रंगावरच्या लॅकरचा थर राहिला होता."

एडगरने मान हलवली. "म्हणजे तो न खरवडताच मी स्क्रू आवळला." मग ग्लेनिसकडे वळला. "बघ, वेळेवर निघालो आपण."

त्याने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून नॉर्मनचा हात धरला. "तू होतास म्हणून बरं. दुसऱ्या कुणी मला तोंडावर खरं सांगितलं नसतं."