एकशे चाळीस चाव्या

तिने प्रिंटरमधून कागद ओढून काढला आणि वाचता वाचता मटकन खुर्चीत बसली.

साहेबांनी मागितलेला पुरावा होता तो. प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरचे सहा महिन्यांचे रिपोर्ट पुसले गेले होते. नोंद रेकॉर्ड विभागातल्या काकूंच्या खात्यावर होती आणि आज बारा वाजता काकूंच्या नोकरीचा निकाल लागणार होता. वेळ, खातं, सगळं जुळत होतं. फक्त ओळीच्या शेवटचा चावीचा नंबर काकूंचा नव्हता. तो तिचा स्वतःचा होता.

एकशे चाळीस जणांना एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पासवर्ड न टाकता जाता यावं, ही सोय महिन्यापूर्वी तिनेच केली होती. प्रत्येकाची वेगळी डिजिटल चावी, प्रत्येकाच्या खात्यात त्या चावीची नोंद. चाचणीसाठी तिने स्वतःची चावीही सगळ्या खात्यांत घातली, एकेक खातं उघडून पाहिलं आणि चावी परत काढत गेली; काकूंच्या खात्यातली मात्र राहून गेली. मग शुक्रवारी जुन्या फायली पुसायला तिने आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट लावली. ती फक्त तिच्या खात्यात चालायला हवी होती. काकूंचं दार मोकळं सापडलं, तर तिथेही शिरली.

हे कळलं तर नोकरी जाणार आणि पुन्हा कुणी तिच्या हाती सर्व्हर देणार नाही. पण हा नंबर कुणाचा ते ओळखू शकणारी इमारतीत ती एकटीच होती. कागद फाडला तर कुणाला काय कळणार? तिने त्याची घडी घातली, उघडली, परत घातली. मग जिना उतरून ती साहेबांच्या केबिनपाशी आली.

काकू केबिनबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

"काकू, साहेबांशी मला आधी बोलायचंय."

"आता काय बोलायचं गं? मीच केलं म्हणून लिहून दिलं, सहीसुद्धा केली."

"पण तुम्ही काही केलंच नाहीये!"

काकूंनी मान हलवली.

"आधी मलाही तसंच वाटत होतं. मग म्हटलं, मशीन कशाला खोटं बोलेल? चार दिवस डोकं खाजवलं. आता तर आठवतंय मला, बटण दाबलेलं."

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं.

"आणलात का कागद?" साहेब म्हणाले. "तसा आता लागणार नाही म्हणा."

"लागेल," ती म्हणाली. तिने कागदाची घडी उघडली आणि ओळीच्या शेवटच्या नंबरावर बोट ठेवलं, "हा माझा आहे."