चूळ भरल्यावर

"तर मग सून म्हणाली, यंदा नाताळला आम्ही हॅम्बुर्गलाच थांबतो," पिरोश्का मास्कआडून म्हणाली आणि खुर्चीतल्या बाईच्या दाढेमागचं कीटण तिनं आकडीनं हलकेच खरवडून काढलं. "मी म्हटलं, थांबा. दुसरं काय म्हणणार? तोंड अजून थोडं उघडा."

बाई व्हिएन्नाची होती. तिला हंगेरियन ओ की ठो कळत नव्हतं. पिरोश्कानं हनुवटीला बोट लावलं तेव्हा तिनं तोंड उघडलं, आणि पिरोश्का पुढचं सांगू लागली.

हंगेरीच्या हद्दीवरच्या मोशोन गावात दर चार घरांमागे एक दातांचा दवाखाना लागतो. हद्दीपलीकडचे ऑस्ट्रियन सकाळी येतात, दात दुरुस्त करून घेतात, दुपारी पाप्रिका घातलेला कोंबडीचा रस्सा चापतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी. त्यातल्या डॉक्टर बार्नांच्या दवाखान्यात पिरोश्काकडे काम फक्त दात साफ करायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हॅम्बुर्गला. घरी भिंतींशी बोलायचं, त्यापेक्षा इथं बरं. ज्याचं तोंड उघडं आहे तो मधेच तोडत तरी नाही. डॉक्टर बार्ना तिची थट्टा करायचे, "पिरोश्काताई, तुमच्या पेशंटला भुलीचं इंजेक्शन नको. तुमची बडबड पुरते." ती हसायची. पण चूळ भरली रे भरली की माणसं कोट चढवून पसार होत, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघताना तिला फार एकटं वाटे.

अपवाद एकच, वेंडेल काकांचा.

लायता नदीच्या बंधाऱ्याची दारं उघडायची नि मिटायची, एवढ्यावर काकांचा जन्म गेला. वीसएक वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा आले तेव्हा बायको नुकतीच गेलेली होती, हिरड्यांतून रक्त येत होतं आणि पुढचे खालचे दात बोटानं हलत होते. पिरोश्कानं त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

"घरी कितीही घासलंत तरी हे खालचं कीटण निघणार नाही, काका. दर वसंतात आणि दर शरदात इथं यायचं. टंगळमंगळ केलीत तर उरलेला जन्म सूप पीत काढाल."

काका आले. बर्फ असो, पूर असो, वर्षातून दोनदा आलेच. हळूहळू हिरड्या आवळल्या, दात हलायचे थांबले. आणि दुसरीही एक गोष्ट झाली. पिरोश्का सवयीनं विचारत राहायची, काका नुसतं "आ, आ" करायचे. पण मग ते उठून बसत, चूळ भरत, मिशा पुसत आणि एकेक बोट धरून तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत. क्रमानं, एकही न गाळता.

"पहिलं. कुत्रीचा पाय बरा आहे. दुसरं. जर्दाळू यंदा गारठ्यानं गेले, मुरंब्याची आशा सोड. तिसरं. मुलानं फोन केला नाही म्हणून तू फुगून बसलीस. मग तू कर की! तुझी बोटं काय झडली?"

तिनं त्याच संध्याकाळी मुलाला फोन लावला होता. तेव्हापासून मनात काही आलं की ती ते काकांसाठी राखून ठेवू लागली. सहा सहा महिने पुरवून पुरवून. आपल्याला जगात उत्तर देणारं एक माणूस आहे, एवढ्यावर तिचे हिवाळे निभत होते.

या शरदात काका आले ते पुतणीचा हात धरून. हेद्विग तिचं नाव, ग्योर शहराहून आली होती. काकांचा कोट अंगावर लोंबत होता. पिरोश्कानं दिवा पुढे ओढला. डावीकडचे दात नेहमीसारखे लख्ख. उजवीकडे मात्र गाल आणि हिरडीच्या मधे पावाचा लगदा साठलेला होता, शिळा, आंबूस. कीटणाचा थर चढला होता. आकडीचं टोक लागताच रक्त आलं. काकांना त्या गालात काही अडकलंय हेच जाणवत नव्हतं.

"काका, मधे तोंड वाकडं झालं होतं का?"

"उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका येऊन गेला. छोटासाच," हेद्विग म्हणाली. उत्तर काकांचं होतं, ते तिनंच देऊन टाकलं. "आता ग्योरच्या वृद्धाश्रमात ठेवतेय. माझी नोकरी, घरात जागा नाही. डॉक्टर, एक विचारायचं होतं. सगळेच दात काढून टाकले तर? कवळी बरी. तिथल्या बायका रात्री ग्लासात टाकतील. यांचे दात तिथं घासणार कोण?"

डॉक्टर बार्ना शेजारच्या टेबलापासून उठून आले आणि त्यांनी काकांच्या तोंडात डोकावून बघितलं. "करता येईल. उजवी बाजू अशीच राहिली तर फार दिवस टिकणारही नाही."

"किडका एक दाखवा," पिरोश्का म्हणाली.

"ताई..."

"एक दाखवा आणि मग काढा! वीस वर्षं मी हे दात धरून ठेवलेत. या वयात त्यांची हिरडी फाडणार, का तर घासायचा कंटाळा?" तिचा आवाज चढला होता. पेशंटसमोर ती डॉक्टरांना कधी उलटून बोलली नव्हती. "मी जाईन तिथं. रविवारी. मी करीन साफ."

हेद्विगनं तिच्याकडे खालून वर पाहिलं. "तुम्ही? तुम्ही यांच्या कोण?"

ती नात्याची नव्हती, शेजारचीही नव्हती. इतक्या वर्षांत दोघांनी बाहेर बसून एक कॉफी घेतली नव्हती. तिनं मान खाली घालून काकांच्या हातात पेला दिला.

काकांनी चूळ भरली. अर्धं पाणी उजव्या ओठातून ओघळलं, तिनं ते टिपलं. मग त्यांनी मिशा पुसल्या आणि स्वतःचा अंगठा धरला.

"पहिलं," काका म्हणाले. पुढचा शब्द येईना. "पहिलं. ही... मला विचारते."

मग ते पुढच्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले. "दुसरं आठवत नाही."

हेद्विग खिडकीकडे वळली. तिनं नाक शिंकरलं, पर्स उगीच उघडून मिटली. "ठेवा मग दात," ती घुश्शात म्हणाली. "आणि रविवारी दुपारी या. सकाळी तिथं प्रार्थना असते."

पहिल्या रविवारी पिरोश्कानं निळा झगा घातला, ओठांना रंग लावला. मऊ ब्रश, आकडी, चूळ थुंकायला छोटं तसराळं असं सगळं पिशवीत भरून ती बसनं ग्योरला गेली. काका काचेच्या दारापाशी चाकांच्या खुर्चीत बसले होते. तिनं हाक मारली, समोर वाकली. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं कुणी रस्त्यातल्या बाईकडे बघावं. तिनं ब्रश पुढे नेला तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान फिरवली.

"कुणालाच हात लावू देत नाहीत," नर्स म्हणाली. "ओळखतात ना तुम्हाला?"

एवढ्या लांब आलो ते कशाला, असं पिरोश्काला वाटलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की काकांनी आपला नाकाखालचा चेहरा कधी पाहिलेलाच नाही. खुर्चीवर वाकलेले, मास्कवरचे दोन डोळे तेवढे त्यांच्या ओळखीचे.

तिनं पिशवीतून कामावरचा मास्क काढला. दोऱ्या कानांमागे अडकवल्या. रंगवलेले ओठ, हसू, सगळं झाकलं गेलं. ती पुन्हा वाकली.

काकांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि तोंड उघडलं.

तिनं उजवी बाजू हलक्या हातानं स्वच्छ केली. कुत्री आता कुणाकडे असते ते विचारलं. इथलं सूप खारट असतं का ते विचारलं. सून येणार नाही म्हणाली पण मुलगा एकटा येतो म्हणाला, तर त्याला काय शिजवून घालू, तेही विचारलं. मग पेला दिला, तसराळं धरलं, मिशा पुसल्या. काका शांतपणे काचेबाहेर बघत राहिले. पिरोश्का खुर्ची ओढून समोर बसली, मास्क न काढता.

"बाई, तुमची बस चुकेल," नर्सनं दारातून आठवण केली. "झालं ना साफ करून?"

"साफ झालं," पिरोश्का म्हणाली. "यांचं बोलणं व्हायचंय."