चार्ज होईपर्यंत

चष्मेवाल्यांनी ही विजेवरची गाडी घेतली तीसुद्धा भिडेपोटी. शोरूममधल्या पोरीने तासभर माहिती दिली, दोनदा पाणी विचारलं, मग तिला नाही कसं म्हणायचं? त्यांच्या चष्म्यांच्या दुकानातही तेच. महिनाभर वापरलेली फ्रेम 'नाकाला टोचते' म्हणून कोणी परत आणली, तर ते ती ठेवून घ्यायचे आणि वर गिऱ्हाइकाचीच माफी मागायचे. भीड भिकेची बहीण, असं त्यांची बायको लग्नापासून सांगत आली होती. ती शाळेत खेळ शिकवायची आणि सगळं गाव तिला बाई म्हणायचं. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या पोराला सरळ करणारा आवाज होता बाईंचा. घरात मात्र त्याचा उपयोग नव्हता, कारण नवरा प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा आणि हो म्हणणाऱ्याशी भांडणार तरी कसं?

आजचा प्रवास लांबचा होता, पण हौसेचा नव्हता. आदल्या दिवशी लेकीचा फोन आला होता, शेजारणीच्या फोनवरून. तिचा स्वतःचा फोन हल्ली सासूच्या कपाटात असायचा. नोकरी सोडायला लावली होती. बाहेर पडायचं तर सासूला विचारून, तेही सासूबरोबर. "हे कामासाठी बाहेरगावी गेलेत. परत यायच्या आत या आणि मला घेऊन जा," एवढंच ती बोलली. मग जरा थांबून म्हणाली, "आई, तू तिथे तोंड उघडू नकोस. तू भांडलीस की सासूबाई गल्ली गोळा करतील. बाबांना बोलू दे."

बाबांना! इथेच तर सगळी मेख होती. मागच्या खेपेला बाबाच गेले होते, एकटे. विहिणीने त्यांना बसवलं, चहा दिला, दोन्ही घरांच्या अब्रूबद्दल सांगितलं, आणि हे गृहस्थ "हो, हो, तुमचंही बरोबर आहे" म्हणत लेकीला तिथेच ठेवून परत आले. "थोडं सांभाळून घे म्हटलं तिला," असं घरी येऊन सांगितलं. त्या दिवसापासून बाईंच्या मनातला राग तसूभरही कमी झाला नव्हता.

सकाळचा रस्ता बरा गेला. चष्मेवाले डाव्या लेनमधून बेतानेच गाडी हाकत होते. एसी बंद, खिडकी बोटभर उघडी.

"मागचा ट्रकवाला शिव्या घालतोय," बाई म्हणाल्या.

"घालू दे. जास्त पळवली की बॅटरी भराभर उतरते."

पहिल्या थांब्यावर गाडी चार्ज झाली, सँडविच खाल्लं, पुढे निघाले. घोडं अडलं ते दुसऱ्या थांब्यावर. हॉटेलच्या आवारात दोन मशीन होती, त्यातलं एक बंद. रांगेत थांबून यांचा नंबर लागला, तेवढ्यात तान्हं बाळ घेऊन एक जोडपं आलं आणि चष्मेवाल्यांनी लगेच गाडी मागे घेतली.

"अगं, बाळ रडतंय त्यांचं."

"बाळ विजेवर चालतं का?" बाईंनी विचारलं.

जोडप्याचं आटोपलं, तर एक टायवाला आला. दहाच मिनिटं, फार घाई आहे हो काका, म्हणाला. काकांनी हात पुढे करून त्याला वाट दिली. टायवाल्याने वायर लावली आणि तो शांतपणे आत जेवायला गेला. बाईंनी कपाळाला हात लावला.

"मी उपटते त्याची वायर."

"तशी नाही निघत. चार्ज होताना गाडी ती लॉक करून ठेवते."

"म्हणजे गाडीलासुद्धा नाही म्हणता येतं," बाई म्हणाल्या. मग त्या त्यांच्याकडे वळल्या. सकाळपासून मनात घोळवलेलं वाक्य होतं, ते बोलताना आवाज चढला नाही. "एक ऐकून ठेवा. आज तिला तिथे ठेवून निघालात, तर तुम्ही एकटे निघाल. मीही तिच्यापाशीच राहीन."

"हो," चष्मेवाले म्हणाले. त्या 'हो'मध्ये नवीन काहीच नव्हतं. शोरूममधल्या पोरीला, टायवाल्याला, कुणालाही मिळणारा हो तो. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

टायवाला ढेकर देत परत आला तोवर ऊन कलायला लागलं होतं. बॅटरी पुरती भरण्याइतका वेळ उरला नव्हता. लेकीच्या गावात आणखी एक मशीन आहे, तिथे पाहू, असा विचार करून ते अर्धवट चार्जवर निघाले. गावात पोचले तर त्या मशीनवर 'नादुरुस्त' अशी पाटी. लेकीच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा बॅटरीचा आकडा असा होता, की लेकीला बसवून निघालं असतं तर पुढच्या चौकात तिघांना उतरून ढकलावी लागली असती.

दार विहिणीने उघडलं. चष्मेवाल्यांनी नमस्कार केला, आमच्या ठकीला न्यायला आलोय म्हणाले, आणि मग अडला हरी गाढवाचे पाय धरी तसे खाली बघत म्हणाले, "जरा तुमचा प्लग मिळेल का? घरची वायर आहे बरोबर. दोन-तीन तास लागतील."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. ज्यांच्या घरातून मुलगी न्यायची, त्यांचीच वीज मागायची! पेट्रोलची गाडी असती तर बॅग टाकून केव्हाच निघता आलं असतं. इथे त्या विहिणीसमोर तीन तास बसायचं होतं, आणि बसणार कोण, तर शोरूममधल्या पोरीपुढेही न टिकलेला माणूस. विहिणीचा चेहरा खुलला. "लावा ना, तुमचंच घर आहे. या, बसा. चहा टाकते."

चष्मेवाल्यांनी अंगणातल्या प्लगला वायर लावली, हात धुतले आणि सोफ्यावर जाऊन बसले. फोनवर लेकीला दिलेलं वचन पाळायचं तर तोंड मिटून घ्यायला हवं होतं, म्हणून बाई सरळ लेकीच्या खोलीत गेल्या.

पलंगावर बॅग उघडी होती. लेक पाठमोरी उभी राहून एकेक कपडा हँगरला लावत होती आणि कपाटात परत टांगत होती.

"हे काय करतेस?"

"ऐक ना तूच," लेक म्हणाली.

बाहेरून विहिणीचा आवाज येत होता. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, आजकालच्या मुलींना धीर नाही, शेजारीपाजारी काय म्हणतील. आणि त्यात मधूनमधून चष्मेवाल्यांचं मऊ, ओळखीचं, "हो. हो. तुमचंही बरोबर आहे."

"मागच्या वेळीही असंच सुरू झालं होतं," लेक म्हणाली आणि तिने पुढचा कुडता हँगरला लावला. बाईंच्या घशाशी आवाज आला होता. बाहेर जाऊन एकदा तो सोडला असता तर सोफा हादरला असता. पण गल्ली गोळा झाली असती, जावयाला फोन गेला असता. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांना रडू आलं, नवऱ्याचा राग येऊन रडू आलं.

"मग ठरलं तर," बाहेर विहीण म्हणाली. "आज जेवून निघा तुम्ही दोघं. तिला आम्हीच पाठवू, सावकाश."

चष्मेवाले खाकरले.

"नाही," ते म्हणाले. आवाज तोच, नाकाला टोचतंय का विचारतानाचा. "जेवण नको. गाडी चार्ज झाली की निघतो. तिला घेऊन."

"अहो, आत्ता तर म्हणालात, माझं बरोबर आहे."

"तुमचं बरोबर असेल. ती येणार."

लेकीचा हात कपाटाच्या दारावर थांबला.

विहिणीने मुलाला फोन लावला. जावयाचा आवाज खोलीपर्यंत ऐकू येत होता, शब्दन्‌शब्द. चष्मेवाल्यांनी त्याला मध्ये तोडलं नाही. त्याचं सगळं झाल्यावर म्हणाले, "हो, ऐकलं मी. ती येणार." मग दोन घरं टाकून राहणारे कुणी काका आले, त्यांनी वडीलकीच्या नात्याने समजावलं. चष्मेवाल्यांनी त्यांना बसायला जागा करून दिली, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि ती येणार म्हणून सांगितलं. विहीण चिडली, मग रडली, मग पुन्हा चहा घेऊन आली. त्यांनी चहा घेतला, छान झालाय म्हणाले. अंगणात गाडी थेंबाथेंबाने भरत होती आणि आत हा माणूस तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा सांगत होता. भांडायला कुणालाच काही सापडत नव्हतं.

मध्येच ते उठून खोलीच्या दारात आले. चष्मा हातात होता आणि ते तो शर्टाच्या टोकाने पुसत होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, लेकीकडेही नाही, त्या अर्ध्या भरलेल्या कपाटाकडे पाहिलं.

"घाई करू नकोस, ठकी," ते म्हणाले. "सगळं घे. मी बसलोय बाहेर."