उन्हाची बाजू

माझ्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं म्हणून तो आठवडाभर भिंगं घासतो आणि रविवारी तसलीच भिंगं, जरा मोठी आणि भलतीच महाग, गळ्यात अडकवून वाफेच्या इंजिनाचे फोटो काढायला जातो. त्यात आभाळ भरून आलं तर विचारूच नका. वादळ आलं की शहाणी माणसं घरात येतात. आमचे हे छत्री विसरून बाहेर पळतात, कारण काळ्या ढगापुढे पांढरी वाफ म्हणे फार उठून दिसते.

असे आणखीही काही नग आहेत आणि त्यांचं एक मंडळ आहे. अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य. उभा जन्म लोकांच्या तोंडात डोकावण्यात गेल्यामुळे असेल, पण त्यांना माणसाचा चेहरा नको झालाय. मंडळाचा एकच कडक नियम आहे: फ्रेममध्ये माणूस आला की फोटो नासला. रुळाकडेचा सायकलवाला, फाटकापाशी उभी असलेली बाई, सगळे घरी नेऊन कॉम्प्युटरवर पुसले जातात.

आणि ते इंजिन चालवतात माझे बाबा. रविवारी जी हौशी लोकांची सहलगाडी सुटते, तिचे ते ड्रायव्हर. आमचं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं होतं, मुलगा तुला बघायला आला की इंजिनाला? मी अजूनही छातीठोकपणे उत्तर देऊ शकत नाही. तर या जावयाकडे सासऱ्याच्या इंजिनाचे हजारो फोटो आहेत आणि सासऱ्याचा एकही नाही. कारण साधं आहे. गाडी उतरत्या दुपारची, ऊन पडतं तिच्या उजव्या अंगावर आणि या इंजिनात ड्रायव्हर बसतो डावीकडे. उजव्या खिडकीत असतो भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन. चांगला पन्नाशीचा, गोल गरगरीत माणूस, पण सगळे त्याला कोळशाच म्हणतात. मंडळ कायम उन्हाच्या बाजूला. त्यामुळे आमच्याकडे असलंच तर कोळशाचं कोपर आहे, तेही पुसलेलं.

बॉयलर म्हातारा झाला आणि इंजिन संग्रहालयात ठेवायचं ठरलं. शेवटचा रविवार आला. इंजिनाबरोबर बाबाही घरी बसणार होते. आदल्या दिवशी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "जावईबापू, एक मागू का? माझा एक फोटो काढा. चालवताना."

उभ्या इंजिनाशेजारी काढू या, असं मी म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. उभ्या इंजिनाशेजारी काय, कुणीही उभं राहतं म्हणाले. बाबांनी आयुष्यात आमच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. नवऱ्याने वचन दिलं, सावलीच्या बाजूला उभा राहीन म्हणून. माझा विश्वास नव्हता. म्हणून मी पहारा द्यायला बरोबर गेले.

जागा होती शेतांमधल्या वळणावरची. आम्ही दोघंच रुळांच्या अलीकडे, मंडळ पलीकडे रांगेत. आभाळ नुसतं भरलेलं, वारा असा की ट्रायपॉडला पिशवीतून दगड बांधून लटकवले होते. मला वाटलं, चला, ऊनच नाही तर मोह कसला? पण दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते उगाच नाही. लांबून शिट्टी ऐकू आली आणि त्याच वेळी मावळतीकडे ढगाला एक फट पडली. पिवळंधमक ऊन आडवं आलं आणि आमच्या पाठीमागचं आभाळ शाईसारखं काळं झालं. पलीकडून पाहणाऱ्याला काळ्या ढगापुढे उजळलेलं इंजिन दिसणार होतं. अशा उजेडासाठी या लोकांनी सर्दी-पडशाने अंथरुणं धरली आहेत. आमच्या वाट्याला मात्र डोळ्यांत जाणारं ऊन आणि इंजिनाची काळी बाजू.

पलीकडून दंतवैद्य हातवारे करून नवऱ्याला बोलावत होते. याचा चेहरा असा झाला, जणू लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठवलंय. एक पाय रुळांकडे गेलासुद्धा. मग तो पाय मागे आला. "बाबांना सांगितलंय," तो म्हणाला आणि डोळा कॅमेऱ्याला लावला. इतक्या वर्षांत मला त्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. भिंगावर ऊन येऊ नये म्हणून मी त्याच्या कॅमेऱ्यावर छत्री धरली. लग्नानंतर असलं काही मी पहिल्यांदाच केलं.

इंजिन धडधडत आलं. डाव्या खिडकीत, बाबांच्या जागी, कोळशा बसला होता. सगळे दात दाखवून हसत होता. नवऱ्याचं बोट सवयीने दाबलं गेलं.

स्टेशनवर पोचलो तर बाबा खाली उतरले होते आणि लहान मुलासारखे खुशीत होते. त्यांना वरून ऊन पडलेलं दिसलं होतं. इतकी वर्षं जेवताना जावयाचं उजेडावरचं प्रवचन ऐकलेलं. हा काही आता सावलीत थांबत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. मग उगाच त्याला कशाला धर्मसंकटात टाका? वळणापुरतं त्यांनी कोळशाला आपल्या जागी बसवलं आणि स्वतः उजव्या खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकले.

"आलो का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात दंतवैद्य तणतणत आले. असा उजेड पुन्हा या जन्मात नाही, आणि नेमका म्हातारा मध्ये लोंबकळला, असं ऐकवत होते. बाकीच्यांनी घरी जाऊन त्याला पुसायचं ठरवलंच होतं. माझा नवरा गिऱ्हाइकाशीसुद्धा हळू आवाजात बोलतो. तो त्या दिवशी अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या सासऱ्याला कुणी पुसायचं नाही."

दंतवैद्यांनी मुकाट्याने फोटो दिला.

तो मोठा करून आम्ही बाबांकडे नेला. ढग, वाफ, सोनेरी इंजिन, सगळं दृष्ट लागेल असं. कोळशाचा आम्ही काढलेला फोटोही बरा आला होता. त्याच्या बायकोने तो लगेच फ्रेम करून लावला. बाबांनी जावयानेच करून दिलेला चष्मा चढवला आणि बराच वेळ बघत राहिले. फोटोतले बाबा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. एक हात अर्धवट वर, मान लांब केलेली, कॅमेऱ्यांच्या रांगेवरून नजर पुढे पुढे चाललेली. चेहऱ्यावर हसू नव्हतंच.

"मी तर यात तुम्हालाच शोधतोय," बाबा म्हणाले.

"मी पलीकडे होतो, बाबा. तुमच्या खिडकीसमोर."

"हो ना," बाबा म्हणाले. "ते तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही."

मग त्यांनी नवऱ्याला खिळा आणि हातोडी आणायला सांगितली.