गुरुनाथचं वजन

“बसलास काय रे गुरू?” गाडीखालच्या खड्ड्यातून कादिरने आवाज दिला आणि पाना फिरवून बोल्ट आवळला.

सवय, दुसरं काय! सौदीतल्या दम्मामच्या त्या गॅरेजात बावीस वर्षं हेच चाललं होतं. जुन्या अमेरिकन गाड्या यायच्या. इंजिनात हत्तीचं बळ, पण जोरात पाय दिला की मागच्या स्प्रिंगचे पाटे पिळवटायचे आणि चाकं जागच्या जागी उड्या मारायची. इलाज एकच, पाट्याखाली लोखंडी दांडी. तिच्या टोकाचा रबरी गट्टू आणि पाटा यांच्यातलं अंतर मात्र गाडीवर वजन असतानाच लावायचं. म्हणून दापोलीचा कादिर खाली खड्ड्यात आणि चिपळूणचा गुरुनाथ वर डिकीत, मांडी घालून, चहा पीत. “घाम तुझा, पगार माझा!” असं चिडवायचा लेकाचा.

आज डिकीत कोणीच नव्हतं. छातीत कळ येऊन गुरुनाथ गेला, त्याला वीस दिवस झाले होते.

कफीलने, म्हणजे गॅरेजच्या मालकाने, गाडी बाहेर काढून पाय दाबला, तर चाकं थडथड उडाली. तो तणतणत उतरला. “कादिर, म्हातारा झालास तू! उद्या दुपारी गिऱ्हाईक येतंय. तोवर नीट झाली नाही तर खलास. इकामा वाढवणार नाही, राहायचा परवाना संपला की घरी जा.”

कादिरच्या लेकीच्या, अदिबाच्या नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. त्याने घरी बायकोला फोन लावला.

“मासूमा, चूक झाली गो माझ्या हातनं. गुरूला हाक मारली नि आवळला बोल्ट.”

पलीकडून तिने विचारलं, “तुम्ही अजून रडलात नाय ना?”

“वेळ कुठे मिळाला,” तो म्हणाला.

खोलीत गुरुनाथची पेटी दोरी बांधून ठेवली होती. कार्गोने ती गावी गुरूच्या बायकोकडे, दमयंतीवहिनींकडे जायची होती. कादिरने ती उचलून डिकीत ठेवली. गाडी मागे जेमतेम दबली. मग त्याने पेटी वजनकाट्यावर चढवली. सव्वीस किलो. गुरुनाथ चौऱ्याऐंशीचा होता. अरे, बावीस वर्षं राबला माणूस, आणि मागे उरलं ते एवढंच! कादिर काट्याशेजारी खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

मग उठून त्याने अठ्ठावन्न किलो वाळू गोणीत भरली, पेटी नि गोणी शेजारी शेजारी डिकीत ठेवली आणि खड्ड्यात उतरला.

“बस रे गुरू,” तो म्हणाला. या वेळी थोडा थांबला. मगच त्याने बोल्ट आवळला.

दुसऱ्या दिवशी गाडी रस्ता धरून सरळ गेली. “माशाअल्लाह!” म्हणत कफीलने डिकी उघडली. “आणि हे काय?”

“माझ्या माणसाचं सामान,” कादिर म्हणाला.

त्याने पेटी खाली घेतली. गोणीतली वाळू दोरीच्या गाठीत शिरली होती. वहिनींच्या हाताला लागू नये म्हणून तो ती कण कण करून झटकत बसला.