उठून दिसणारं जाकीट

नोलीन हार्कनेसने नवऱ्याला दुकानात आणलं ते जवळजवळ कान धरूनच, आणि त्या कानांचा तसाही दुसरा काही उपयोग राहिला नव्हता.

क्लेमला त्र्याहत्तरावं लागलं होतं. किटलीची शिट्टी त्याला ऐकू येत नसे, फोन ऐकू येत नसे, आणि ‘भांडी घास’ हे तर लग्नापासूनच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं यंत्र कपाटात मोज्यांच्या शेजारी निवांत पडलं होतं. त्यात एप्रिल तोंडावर आला होता. एप्रिलमध्ये वरच्या खोऱ्यातले हरणांचे नर माजावर येऊन डुरकतात, आणि रीफ्टन गावातले निम्मे पुरुष बंदुका घेऊन रानात जातात नि त्यांच्यासारखंच डुरकतात. नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो भांडायला पुढे येतो आणि जिवाला मुकतो. या डुरकण्यात क्लेम वस्ताद होता. एकेचाळीस वर्षं तो आणि त्याचा मित्र वॉटी गिलरॉय दर एप्रिलला वर जात आले होते.

नोलीनला हरीण नको होतं, शिंगं तर मुळीच नको होती. गॅरेजमध्ये शिंगांना अडकून तिचे दोन चांगले कोट फाटले होते. तिला फक्त नवरा परत हवा होता. हरीण समजून माणसावर गोळी झाडल्याची बातमी दर हंगामाला कुठून ना कुठून येतेच. मागून येणारा माणूस ज्याला ऐकू येत नाही, त्याने निदान दुरून दिसावं तरी, असा तिचा साधा हिशेब होता. म्हणून आज जाकीट.

“या मावशी, या काका,” दुकानाचा मालक रावीरी काउंटरमागून बाहेर आला. तो स्वतः शिकारी होता, अंगाने दांडगा आणि बोलायला मऊ. “अजून तोच लोकरीचा सदरा का हो काका? माझ्या आजोबांच्या लग्नातला वाटतो.”

“काय म्हणतोय?” क्लेमने विचारलं.

“सदरा छान आहे म्हणतोय,” नोलीन म्हणाली. तो तपकिरी सदरा तिने स्वतः तीनदा रफू केला होता. आता मूळ लोकर कमी आणि तिचे टाके जास्त अशी त्याची अवस्था होती.

रावीरीने पहिलं जाकीट काढलं. त्यावर पानं, काटक्या, शेवाळ, सगळं रान छापलेलं होतं.

“हे नको,” नोलीन म्हणाली. “हा घरात असतानाच मला सापडत नाही.”

दुसरं भडक पिवळं होतं. रावीरी सांगत होता, की पाऊस आत येणार नाही, वारा आत येणार नाही. क्लेमने त्याची बाही दोन बोटांत घेऊन चोळली, कानाशी नेली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली. मग त्याने ती नोलीनच्या कानाशी आणली.

“वाजतंय का?”

त्याने असं कधी विचारलं नव्हतं. आपल्याला ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा तो चुकीचं उत्तर देणं पसंत करी. नोलीनला एकदम भरून आलं. तिने नाक ओढलं आणि म्हणाली, “वाजतंय. चिप्सची पुडी फोडल्यासारखं.”

“मग नको. हरीण पळेल.”

तिसरं नारिंगी होतं. वरून मऊ, लवेचं, आत पाणी अडवणारा थर, मागून लांब, म्हणजे ओल्या ओंडक्यावर बसलं तरी बूड कोरडं राहावं. बाही चोळली तर काही म्हणजे काही आवाज नाही. “आणि गंमत म्हणजे मावशी, हरणाला हा रंग कळत नाही,” रावीरी म्हणाला. “त्याला हे झाडोऱ्यातलंच वाटतं. माणसाला मात्र समोरच्या डोंगरावरून दिसेल.”

आता वाद होणार म्हणून नोलीनने दोन्ही हात कमरेवर ठेवले. गेली दोन वर्षं या एका रंगावरून घरात रण माजत होतं. ‘मी काय गाजर आहे?’ हे क्लेमचं ठरलेलं वाक्य होतं. पण आज क्लेमने जाकीट हँगरसकट घेतलं, दाराजवळच्या खुंटीला अडकवलं, दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून डोळे बारीक करून बघत राहिला.

“याहून मोठं आहे?” त्याने विचारलं.

“आतून लोकरीचे दोन थर घातले तरी हे तुम्हाला बसेल, काका.”

“दोन मापं मोठं दे.”

“अरे, तंबू घ्यायचाय की जाकीट?” नोलीन म्हणाली. “बाह्यांतून तुझी बोटंसुद्धा दिसायची नाहीत.”

“मला नाही. वॉटीला.”

“वॉटीला कशाला? ऐकू तुला येत नाही.”

“म्हणूनच,” क्लेम म्हणाला आणि बूट घालून बघायच्या बाकावर बसला. रावीरीने एकदा दोघांकडे पाहिलं, मोठं माप मागे असेल म्हणाला आणि आत गेला. ते माप समोरच लटकत होतं.

“गेल्या वर्षी मी वॉटीवर बंदूक धरली होती,” क्लेम म्हणाला.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. तो हे नेहमीसारखंच मोठ्याने बोलला. नोलीन त्याच्या शेजारी बसली.

त्याने सांगितलं ते असं. ओढ्याच्या अलीकडे क्लेम, पलीकडे वॉटी, अशी त्यांची वर्षानुवर्षांची वाटणी. सकाळी क्लेम डुरकला आणि उत्तर आलं. पुन्हा डुरकला, पुन्हा उत्तर. तासभर हे चाललं, आणि प्रत्येक उत्तर जवळून येत होतं. क्लेम पोटावर सरकत पुढे गेला. नेचे हलले. मधे तपकिरी काहीतरी दिसलं. त्याने बंदुकीचा सुरक्षेचा खटका सरकवला, बोट चापावर ठेवलं.

“मग त्या तपकिरीने बाहीला नाक पुसलं,” क्लेम म्हणाला.

“वॉटी!” नोलीन म्हणाली.

“तोही मलाच नर समजून उत्तर देत होता. ओढा कधी ओलांडला ते त्याला कळलंच नाही. पण मला कळायला हवं होतं गं. वॉटीचं डुरकणं शेवटी चिरकतं. पोरंसोरंसुद्धा हसतात त्याला. चाळीस वर्षं मी पहिल्याच डुरकण्याला ओळखायचो. त्या दिवशी मला ते चिरकणं ऐकूच आलं नाही.”

नोलीन वर्षभर बंदुकीच्या भलत्याच टोकाकडे बघत होती. तिला आठवलं, मागच्या एप्रिलमध्ये तो चार दिवस आधीच परत आला होता आणि दुसऱ्या दिवसापासून न सांगता भांडी घासू लागला होता. तिला वाटलं होतं, उशिरा का होईना अक्कल आली. माहेरच्यांना फोन करकरून तिने ते सांगितलंही होतं. आता त्या भांड्यांची तिला लाज वाटली. तिने त्याचा हात घेतला. तो गार पडला होता, तो तिने दोन्ही हातांत धरून ठेवला.

“वॉटीला सांगितलंस?”

“नाही.”

“मग जाकीट देऊन गप्प बसणार होतास? ताकाला जाऊन भांडं लपवायचं?”

हे मात्र त्याला पहिल्या फटक्यात ऐकू आलं. “सांगतो,” तो म्हणाला. “तू बरोबर चल.”

“रावीरी,” नोलीनने आत हाक मारली, “दोन दे बाबा. एक त्या दांडग्या वॉटीचं, एक याचं.”

वॉटीचं घर गावाच्या शेवटाला. मागे मेंढ्यांचं कुरण आणि कुरण संपतं तिथे रान सुरू. बायको गेल्यापासून तो एकटाच राही. जाकीट बघून तो म्हणाला, “हे काय? मला रस्त्यावर गाड्या अडवायला उभं करताय का?”

क्लेमने त्याला उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. अगदी खटक्यासकट.

वॉटी जाकिटाची चेन वरखाली करत ऐकत होता. “किती लांब होतो मी?”

“चाळीस पावलं.”

“चाळीस पावलांवरून तू चुकला नसतास.”

“नाही.”

वॉटीने चेन टोकापर्यंत ओढली. मग तो म्हणाला, “म्हणून त्या दिवशी माझी पिशवी तू खाली उतरेपर्यंत वाहिलीस. केकचा शेवटचा तुकडाही मला दिलास. मी म्हटलं, हा मरणार. याला कॅन्सर झालाय आणि हा सांगत नाही.” तो नोलीनकडे वळला. “म्हणून हिवाळाभर तुमची लाकडं फोडून देत होतो मी. कंबर गेली माझी.”

“मला वाटलं, तू चांगला माणूस आहेस,” नोलीन म्हणाली.

वॉटी हसला, पण डोळे पुसायला त्याला बाही लागली. मग त्याने क्लेमच्या कानाजवळ तोंड नेलं. “तूच एकटा नव्हतास रे. मीही नरच शोधत होतो. तुला मी आधी दिसलो, एवढाच फरक.”

क्लेमने मान हलवली. “यंदा मी येत नाही. बंदूक विकून टाकतो.”

“विक की. माझी बंदूक आहे ना. पण डुरकणार कोण? माझ्या आवाजाला तर शेळीही येत नाही.” वॉटीने जाकीट अंगात चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. “बघू दे तुझ्या डोळ्यांत तरी काही उरलंय का.”

तो कुरण ओलांडून रानात शिरला. क्लेम कुंपणाला टेकून, डोळ्यांवर हात धरून बघत होता. नेच्यांमधून नारिंगी ठिपका वर वर जात राहिला.

“दिसतोय,” क्लेम म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “अजून दिसतोय.”

वरून डुरकल्याचा आवाज आला. नोलीनने क्लेमच्या दंडाला हात लावला. “डुरकतोय तो.”

“असेल. मला दिसतोय ना, पुरे.”

नोलीनने दुसरं जाकीट पिशवीतून काढलं. त्याचे हात एकेक करून बाह्यांत घातले, आतल्या लोकरीच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि चेन हनुवटीपर्यंत चढवली. दोन वर्षं ज्या रंगावरून तो भांडला होता त्यात तो थोडा हास्यास्पद दिसत होता, आणि तिला फार आवडला.

“आता तू जा कुरणाच्या त्या टोकाला,” ती त्याच्या कानात म्हणाली. “त्यालाही तू दिसायला हवास.”

तो गेला. वारा झोंबत होता, चहाची वेळ टळून गेली होती, तरी दोघंही कुंपणाच्या अलीकडे येईपर्यंत नोलीन तिथून हलली नाही.