उकिरड्यावरच्या गोळ्या

नवरात्र तोंडावर आलं की बेंबळी गावात एकाही बाईला बूड टेकायला सवड नसते. दसरा काढायचा असतो ना! वाकळा धुवायच्या, भांडी घासायची, भिंती झाडायच्या आणि वर्षाची अडगळ उकिरड्यावर नेऊन ओतायची. द्वारकाबाईंचा हात तर भलताच उरकता. घर लख्ख झालं पाहिजे. घराबाहेर काय होतं ते देव जाणे.

यंदा फडताळ आवरताना एक डबा सापडला. उंदरांसाठी ज्वारीच्या पिठात औषध कालवून त्यांनीच केलेल्या गोळ्या त्यात उरल्या होत्या. शेजारी फवारणीच्या औषधाच्या अर्धवट बाटल्या.

"आत्या, हे उकिरड्यावर नका टाकू," सून निकिता म्हणाली. "इख हाय त्यात."

"वर्सानुवर्सं टाकतूय. कुणाचं काय वाकडं झालं?" म्हणत द्वारकाबाईंनी पाटी डोक्यावर घेतली आणि सगळं ओतून आल्या.

दुपारी शेजारच्या गुलबानोची हाक आली. तिची नुकतीच व्यालेली काळी शेळी अंगणात पाय झाडत होती, तोंडाला फेस आला होता. गुलबानो एकटी बाई. घरातलं दूधदुभतं म्हणजे ही शेळीच. जनावरांचे डॉक्टर शंभुलिंग मोटारसायकलवरून तातडीनं आले.

"काय खाल्लं हिनं?"

"काय की, साहेब. उकिरड्याकडं गेली व्हती. माझीच चूक. बांधाय पायजे व्हती म्या."

हाक ऐकून आलेल्या द्वारकाबाईंना आपण ओतलेली पाटी आठवली. बोलावं तर जन्माचा शेजार तुटतो, गप्प राहावं तर मुकं जनावर मरतं. शेवटी त्यांनी तोंड उघडलं. "डॉक्टरसाहेब, म्या उंदराच्या गोळ्या टाकल्या तिथं. पिठाच्या."

गुलबानोनं शेळीचं डोकं मांडीवर घेतलं.

"मावशी, ह्या औषधाला उतारा न्हाय," डॉक्टर हळू आवाजात गुलबानोला म्हणाले. "सलाईन लावतो. पिलांना मात्र तिचं दूध देऊ नका."

दोन्ही करडं भुकेनं ओरडत आईच्या कासेकडे धाव घेत होती आणि दोघी बाया त्यांना ओढून धरत होत्या. दुसरं काही करण्यासारखं हातात नव्हतंच. दिवेलागणीला शेळी गेली.

"खोल पुरा, कुत्र्यांनी उकरायला नको," डॉक्टर म्हणाले. मग द्वारकाबाईंकडे वळले. "आज शेळी गेली, मावशी. उद्या तिथं कुणाचं लेकरू खेळत असलं तर?"

"मग टाकायचं तरी कुठं?"

"जाळायचं न्हाय, धुरातून इख पसरतं. नालीत, वढ्यात न्हाय, रानात पुरायचंबी न्हाय, पाण्यात उतरतं. हाय त्याच डब्या-बाटलीत घट्ट बंद करून, कुलपात ठेवायचं. आणि अशा कचऱ्याची सोय कुठं हाय, ते विचारत राहायचं."

डॉक्टरांनी दिलेले हातमोजे घालून द्वारकाबाईंनी उकिरड्यावरच्या बाटल्या आणि गोळी न् गोळी वेचली. दुसऱ्या दिवशी ते सगळं घेऊन त्या ग्रामपंचायतीत गेल्या. "आपल्याकडं सोय न्हाय, काकू," शिपाई म्हणाला. औषधाच्या दुकानदारानं हात जोडले. विकलेला माल तो परत घेत नव्हता. चहाच्या टपरीवरचा एक जण तर हसत म्हणाला, "द्या की वढ्यात फेकून."

परवापर्यंत द्वारकाबाईंनी तेच केलं असतं. आज त्यांचे पाय ओढ्याकडे वळेनात. अख्ख्या गावात त्या विषाला जागा नव्हती. ज्या घरातून ते निघालं होतं, त्याच घरी त्यांनी ते परत आणलं आणि लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं.

सकाळ-संध्याकाळ गाईचं दूध बाटलीत भरून त्या करडांना पाजू लागल्या. एक जगलं, एक गेलं.

"गुलबानो, माझ्या गाईची कालवड तू घे," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"कालवडीनं माझी काळी येती का, काकू?" गुलबानो राहिलेलं करडू मांडीवर घेत म्हणाली. "तुमी त्या पेटीचं कुलूप तेवढं उघडं ठेवू नका."

द्वारकाबाई आता दर ग्रामसभेला जातात, हात वर करतात आणि तेच विचारतात: ह्या कचऱ्याची सोय कधी? उत्तर अजून मिळालेलं नाही. बंधू-भगिनींनो, तुमच्याही फडताळात असा डबा असेल. सोय होईपर्यंत आपलं विष आपल्याच कुलपात सांभाळा आणि सोय मागत राहा. एकदा ते दुसऱ्याच्या दारात गेलं, की कितीही हात जोडले तरी परत घेता येत नाही.